चौथा स्पीकर

जळायचंच असेल तर माणसानं भावकीवर जळावं, शेजाऱ्यावर जळावं, गेलाबाजार साडूवर तरी जळावं. त्याला निदान काही रीत आहे. पण मुळशीतल्या रिहे गावचा बहिरू फेटेवाला जळत होता भाचीवर! सख्ख्या बहिणीच्या पोरीवर. कान टोचताना लेकराला मांडीवर घ्यायचा मान मामाचा, म्हणून हिचे कान टोचले तेव्हा ह्यानंच तिला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं आणि ती रडली म्हणून सोनाराशी भांडला होता. आता ती पोर चोवीस वर्षांची झाली. अपेक्षा तिचं नाव, राहते भुकूमला. आणि कुणी नुसतं तिचं नाव काढलं तरी ह्या बाबाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. लाज वाटत होती का? वाटत होती. म्हणून जळायचा थांबला का? छे, नाव नको!

बहिरूचं वय बावन्न. रिह्यात थोडंफार भात आहे, इंद्रायणी लावतो, पण आसपासच्या दहा गावांत त्याला ओळखतात ते फेट्यामुळं. नऊ मीटर कापड खांद्यावर टाकून तो समोरच्या माणसाकडं एकदा नीट बघतो, त्याच्या टाळूवर हात ठेवतो आणि मग वळावर वळ चढवत दीड मिनिटात वर तुरा आणि मागं शेमला सोडून मोकळा होतो. टाळूवर हात ठेवल्याशिवाय तो कापडाला पीळ घालत नाही. डोकं हाताला कळलं पाहिजे, असं म्हणतो. नवरदेव असो, आमदार असो, आधी हात, मग फेटा.

आठ वर्षांपूर्वी चांदे गावाच्या अंगाला तो भला मोठा हॉल झाला आणि बहिरूचं नशीब फळफळलं. आत तीन हजार खुर्च्या, बाहेर तेवढ्या मोटारी. लग्नं तिथं होत नाहीत, तिथं कंप्युटरवाल्यांच्या कॉन्फरन्स भरतात. देशोदेशीची माणसं गळ्यात पट्ट्या अडकवून येतात, उभ्यानं कॉफी पितात, उभ्यानंच तासन्‌तास बोलतात आणि जाताना प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळते. त्या उरलेल्या पिशव्या बहिरूच्या घरी येतात. त्याची बायको लीलाबाई पौडच्या बाजाराला मेथी नेते ती आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या पिशवीत, आणि बियाण्याचं भात क्लाउडच्या पिशवीत आढ्याला टांगलेलं असतं.

पण बहिरूला पिशव्यांचं काही नव्हतं. त्याचा जीव अडकला होता मंचावरच्या दीड मिनिटात. मोठी कॉन्फरन्स वर्षातनं एकदा, आणि तिच्या सुरुवातीला मुख्य पाहुण्याला मंचावर फेटा बांधायचा. समोर तीन हजार माणूस, मागं भिंतीएवढ्या पडद्यावर बहिरूची दहा बोटं. पाहुणा जर्मनीचा असो नाहीतर जपानचा, तेवढा वेळ त्याला बहिरूपुढं मान खाली घालून गप बसावं लागायचं. घरी आल्यावर बहिरू लीलाबाईला सांगायचा, ‘आज लई मोठं डोस्कं व्हतं बरं का.’ आणि पुढचं वर्षभर पारावर तेच सांगत फिरायचा. लोक कंटाळले, पण हा काही कंटाळला नाही.

एक सल मात्र होता. त्या हॉलवर माणसाचा मान त्याच्या गळ्यातल्या पट्टीवरून ठरतो. ऐकायला आलेल्यांची पट्टी निळी, कामवाल्यांची हिरवी, आणि भाषण करणाऱ्यांची लाल. भाषण करणाऱ्याला तिथं स्पीकर म्हणतात. लाल पट्टीवाल्याला वेगळ्या गार खोलीत बसून, काचेच्या ताटात जेवण. हिरवीवाल्यानं मागच्या दारानं यायचं आणि जनरेटरशेजारी उभं राहून पुरीभाजी खायची. बहिरूची पट्टी पहिल्यापासून हिरवी.

स्पीकर म्हणजे भाषण करणारा माणूस, हे बहिरूला आता ठाऊक आहे. पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. आणि सगळं रामायण घडलं ते तिथंच.

झालं असं, की कॉन्फरन्सचं सगळं बघणारा निरंजन म्हणून एक पुण्याचा माणूस. त्याचा आदल्या दिवशी फोन आला. म्हणाला, “मामा, सकाळी लवकर या हं. नऊच्या आत सगळ्या स्पीकर्सना फेटे बांधून झाले पाहिजेत.” बहिरू म्हणाला, “व्हय साहेब.” आणि सकाळी सातलाच हजर. हॉलमध्ये चिटपाखरू नाही. मंचाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार काळे स्पीकर, माणसाच्या उंचीचे. गावच्या सप्त्यात, लग्नात, जत्रेत ज्याला आपण सगळे स्पीकर म्हणतो तेच ते, भोंग्याचे मोठे भाऊ. आता तुम्हीच सांगा, बहिरूनं काय समजायचं? खंडेनवमीला आपण नांगराला गंध लावतो, ट्रॅक्टरला हार घालतो. ही कंप्युटरवाली माणसं, ह्यांचं हत्यार हेच. बांधत असतील फेटे! बहिरूनं पहिल्या स्पीकरच्या माथ्यावर रीतसर हात ठेवला. डोकं चौकोनी होतं. कोपऱ्यावर कापड थांबेना, म्हणून त्यानं खालनं एक जादा वळ घेतला, मागं गाठ मारली, आणि असा काही केशरी फेटा बसवला की बघत राहावं. मग दुसरा. मग तिसरा.

चौथ्याच्या माथ्यावर हात ठेवतोय, तोवर मागनं आवाज आला, “बहिरूभाऊ, ह्ये काय चाललंय?”

पौडच्या बाजारपेठेतला अलाउद्दीन. हॉलच्या साउंडचं काम त्याच्याकडं असतं.

“दिसत न्हाई का? निरंजनसाहेबांनी सांगितलंय, स्पीकरला फेटं बांधा.”

अलाउद्दीननं एकदा स्पीकरकडं बघितलं, एकदा बहिरूकडं बघितलं, आणि तो जो हसायला लागला तो वायरींच्या पेटीवर बसला, पेटीवरून घसरून खाली बसला. डोळ्यांतनं पाणी. “आरं देवा! अहो, स्पीकर म्हंजे माणसं! भाषणवाली माणसं! यायची हायेत आजून!”

बहिरू कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. दोघांनी मिळून भराभरा तिन्ही फेटे उतरवले, आणि बहिरूनं अलाउद्दीनला हात जोडून सांगितलं, की हे कुठं बोलू नको. अलाउद्दीन शब्दाला पक्का. तो कधी कुणाजवळ बोलला नाही. फक्त वर्षातनं एकदा बहिरू दिसला की स्वतःच्या डोक्यावरून गोल हात फिरवायचा आणि डोळा मारायचा. तेवढ्यानंही बहिरू इकडंतिकडं बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना. मंचावरच्या दीड मिनिटाची गोष्ट त्यानं गावात हजार वेळा सांगितली. ही एकदाही नाही. लीलाबाईलासुद्धा नाही.

सांगितली ती फक्त अपेक्षाला. तीन वर्षांपूर्वी. ती नुकती त्याच्या हाताखाली फेटे बांधायला शिकली होती आणि पौडच्या एका लग्नात तिनं नवरदेवाला बांधलेला फेटा ऐन वरातीत सुटला. नवरदेवाच्या डोळ्यांवर कापड, घोडा बुजला, वऱ्हाड हसलं. पोर आचाऱ्याच्या चुलखंडामागं जाऊन रडत बसली. पुन्हा कापडाला हात लावणार नाही म्हणाली. बहिरू तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि तिला हसवायला म्हणून त्यानं ती स्पीकरची गोष्ट सांगितली. पोरगी नाकातला शेंबूड पुसत खदाखदा हसली आणि उठून कामाला लागली. आता, ती गोष्ट सांगताना तो तिला आणखी काय काय म्हणाला, ते बहिरूला अलीकडं आठवत नव्हतं. आठवून घ्यायचं नव्हतं, असं म्हणा हवं तर.

आणि ह्या वर्षी काय झालं? ऐन पावसाळ्यात, कामधंदा थंड असताना, अपेक्षानं त्याच हॉलवर अलाउद्दीनच्या परवानगीनं चार उभ्या स्पीकरांपैकी तिघांना केशरी फेटे बांधले, त्यांच्यामध्ये स्वतः उभी राहिली आणि रील टाकलं. खाली लिहिलं, ‘आमच्या मुळशीत स्पीकरचा मान असा ठेवतात.’ बस, एवढंच. अकरा लाख लोकांनी बघितलं! बंगळूरचे लोक हसले, अमेरिकेतले हसले, आणि ते हसणं टिंगलीचं नव्हतं, कौतुकाचं होतं. कुणी म्हणालं काय डोकं आहे पोरीचं, कुणी म्हणालं ही खरी कलाकार.

बहिरूच्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, दुसऱ्याच्या शहाणपणावर जळणारी माणसं मी पोत्यानं पाहिलीत. स्वतःच्याच येडेपणावर जळणारा माणूस मी हा पहिलाच पाहिला. जी गोष्ट कुणाला कळू नये म्हणून ह्यानं आठ वर्षं जिवापाड जपली, तीच गोष्ट तिच्या अंगावर दागिन्यासारखी शोभत होती. आणि आता ‘ती माझी आहे’ म्हणायला तोंड उघडावं, तर आधी ‘मी येडा ठरलो होतो’ हे सांगावं लागणार!

लीलाबाई भाताची खाचरं आटपून आली की पायरीवर बसून भाचीचं रील बघायची. “बघा तर खरं, आपल्या अपीचं किती कवतिक चाललंय!”

“तीनच बांधलेत,” बहिरू म्हणायचा. “चौथा उघडाच ठेवलाय. कटाळली आसंल. आजकालच्या पोरांस्नी काम पुरं करायला नगं.”

“लोक बी इचारत्यात खाली, चौथा का उघडा म्हणून. ती काय उत्तरच देत न्हाई.”

“काय देणार? डोंबल?”

लीलाबाई त्याच्याकडं बघायची. “तुमच्या पोटात का दुखतंय वो? मामा हाय का कोण हायसा?”

त्यावर हा उठून म्हशीला उगाच चारा टाकायला जायचा. म्हशीपुढं चारा आधीच असायचा.

दिवाळी झाली आणि निरंजनचा फोन आला. त्याचा आवाज गोड होता. बहिरूला तिथंच समजायला हवं होतं. “मामा, या वर्षी ओपनिंगला आपण दीपप्रज्वलन ठेवत नाही. त्याऐवजी अपेक्षा स्टेजवरच्या स्पीकर्सना फेटे बांधेल. रील व्हायरल आहे ना, लोक त्याचीच वाट बघतायत. चीफ गेस्टचा फेटाही तीच बांधेल, म्हणजे एका फ्लोमध्ये होईल. तुम्ही बाहेर लॉबीत बसा, पन्नासएक डेलिगेट्स आहेत. आणि हो, अपेक्षाला पाच मिनिटं बोलायलाही दिलीयत. शी इज अ स्पीकर धिस इयर!”

बहिरूला इंग्रजी येत नाही. पण त्या वाक्यातला एक शब्द त्याला चांगला येत होता.

“लाल पट्टी?” त्यानं विचारलं.

“काय मामा?”

“काय न्हाई. येतो मी. लाबीत बसतो.”

फोन ठेवला आणि त्यानं पेटीतला केशरी फेटा काढून मांडीवर घेतला. आठ वर्षांपूर्वीचे तिन्ही फेटे त्यानं जपून ठेवले होते, चौथ्यासाठी काढून ठेवलेला कोरासुद्धा. तो कोरा कधी कुणाच्या डोक्याला लागलाच नव्हता. दीड मिनिट गेलं होतं. मंच गेला होता. आणि कुणी नेलं? जिला चुण्या घालायला ह्यानंच शिकवलं होतं, जिची बोटं ह्यानंच धरून वळवली होती तिनं!

दुसऱ्या दिवशी तो तांदूळ द्यायचं निमित्त काढून भुकूमला बहिणीकडं गेला. अपेक्षा घरातल्या फ्रिजला फेटा बांधून सराव करत होती. मामा आलेला बघून तिचा चेहरा फुलला. बहिरूच्या नजरेला पडला तो फ्रिजवरचा तुरा. ताठ होता. चांगलाच ताठ.

“मामा, बरं झालं आलात. मला तुमचं ते जुनं केशरी फेटं पायजे व्हतं. चारी. रील केलं तवा बाजारातलं वापरलं, पण मंचावर तुमचंच पायजेत.”

“कशाला?”

“तेच पायजेत.”

बघा आता. मंच नेला, आता कापड पण पाहिजे! “उंदरांनी कुरतडलं,” बहिरू म्हणाला. पटकन म्हणाला. तोंडातनं खोटं इतकं सरळ निघालं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“चारी?”

“चारी. उंदरं काय मोजून खात्यात का?”

 अपेक्षानं फ्रिजचा फेटा सोडायला घेतला. बहिरूला राहवेना. “काय गं, एवढं लोक म्हणत्यात डोस्कं डोस्कं. कुटनं सुचलं तुला ह्ये?”

ती वळली. त्याच्याकडं सरळ बघत राहिली. मग हळू म्हणाली, “तुमीच सांगा की मामा, कुटनं सुचलं.”

बहिरूला ती मस्ती वाटली. चोरी वर शिरजोरी! चहा न घेताच तो निघाला. बहीण शुभांगी दारापर्यंत ‘दादा, दादा’ करत आली, तरी ह्यानं मागं वळून पाहिलं नाही. तांदळाची पिशवी तेवढी ठेवून आला, तीसुद्धा वाटेत आठवून हळहळला.

एकच माणूस उरला होता. पौडला जाऊन त्यानं अलाउद्दीनला दुकानात गाठलं. “अलाउद्दीन, तू निरंजनसाहेबास्नी सांग. ही कल्पना माझी व्हती. तू बघितलंयस.”

अलाउद्दीन सोल्डरिंग करत होता. त्यानं मान वर केली. “कल्पना?”

“मग काय?”

“बहिरूभाऊ, सांगतो. आज सांगतो. पण सांगितलं तर सगळं सांगीन. अर्धं मला जमणार न्हाई. तुमी फेटं बांधलं, ह्ये बी सांगीन, आन का बांधलं ह्ये बी सांगीन. चालंल?”

बहिरू दुकानातल्या भिंतीवर ओळीनं लावलेल्या स्पीकरांकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, “नको. ऱ्हाऊ दे.”

“बरं. आन एक इचारू? भाचीला इचारलं का, तिनं तुमचं नाव का न्हाई घेतलं?”

“काय इचारायचं त्यात! चोर सांगतोय व्हय!”

अलाउद्दीन पुन्हा मान खाली घालून काम करायला लागला.

कॉन्फरन्सचा दिवस उजाडला. बहिरू मागच्या दारानं गेला, हिरवी पट्टी गळ्यात घातली आणि लॉबीत खुर्ची मांडली. रांग लागली. डोक्यावर हात, वळ, तुरा, पुढचा. डोक्यावर हात, वळ, तुरा, पुढचा. एरवी त्याला रांगेची मजा वाटायची, आज प्रत्येक डोकं टोचत होतं. तेवढ्यात समोरच्या काचेच्या दारातनं अपेक्षा आली. नऊवारी, नथ, आणि गळ्यात लाल पट्टी. पट्टीवर तिचं नाव छापलेलं. पुढनं आली! पुढच्या दारानं! ती त्याच्याकडं बघून थांबली, वाकून पाया पडायला पुढं झाली. बहिरूनं हातातलं कापड झटकून वर धरलं. असं, की तिचा हात पायापर्यंत पोचूच नये. “काम चाललंय. जा तू. तुझी वाट बघत आसत्याल.”

ती गेली. शाळेत बक्षीस हुकलेल्या पोरागत बहिरू तिच्या पाठीकडं बघत राहिला. बावन्न वर्षांचा माणूस!

दहा वाजता रांग संपली, सगळे आत गेले. बहिरू लॉबीत एकटा राहिला. जाऊ नये असं ठरवलं होतं त्यानं. पण आतनं टाळ्या ऐकू आल्या आणि पाय आपोआप दाराशी गेले. हॉलच्या पार मागं, अंधारात अलाउद्दीनचं साउंडचं टेबल होतं. बहिरू त्याच्या मागं जाऊन उभा राहिला. खांद्यावरच्या पिशवीत तो चौथा कोरा फेटा होता. का घेतला होता बरोबर, कुणास ठाऊक. पेटीत ठेवून यायला मन झालं नव्हतं.

मंचावर अपेक्षा बांधत होती. पहिला झाला. दुसरा झाला. भिंतीएवढ्या पडद्यावर तिची बोटं नाचत होती. प्रत्येक स्पीकरच्या माथ्यावर ती आधी हात ठेवत होती. रीतसर. कोपऱ्यावर कापड थांबत नाही म्हणून खालनं जादा वळ घेत होती. तो वळ! तो तर त्यानं त्या सकाळी काढला होता, आणि चुलखंडामागं तिला हातानं करून दाखवला होता. बहिरूच्या डोळ्यांपुढं लाल झालं. तिसरा झाला. टाळ्या. आणि ती बाजूला सरकून उभी राहिली.

निरंजन माइक घेऊन पुढं आला. “अपेक्षा, सगळ्यांचा एकच प्रश्न आहे. ही भन्नाट आयडिया तुला सुचली कशी?”

“मला न्हाई सुचली,” अपेक्षा म्हणाली.

 निरंजन हसला. “मग कोणाला?”

“ते मला सांगता येणार न्हाई. शपथ हाय.”

“शपथ?”

“व्हय. माणसाच्या डोस्क्यावर हात ठेवून घेतल्याली. मोडता येत न्हाई.”

लोक हसले. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांना शेजारचे सांगायला लागले. आणि मागं अंधारात बहिरूला सगळं आठवलं. चुलखंडामागचा धूर, ती हसून हसून दमलेली पोर, आणि तो म्हणालेला, ‘माझ्या डोस्क्यावर हात ठेव अपे. माझं नाव कुटं निघता कामा न्हाई.’ तिनं ओला हात त्याच्या टाळूवर ठेवला होता. आयुष्यात त्यानं हजारो टाळूंवर हात ठेवला, त्याच्या टाळूवर कुणी ठेवलेला तो एकच हात. आणि नेमका तोच हा विसरला होता, सोयीनं!

“बरं, मग हा चौथा?” निरंजननं विचारलं. “रीलमध्येही चौथा तसाच होता. लोक विचारून थकले.”

अपेक्षानं लांब अंधारात, साउंडच्या टेबलाकडं बघितलं. “चौथा माझा न्हाई,” ती म्हणाली. “ज्याचा हाय त्यानं बांधावा. मी ह्यापायीच रील टाकलं व्हतं. वाटलं, बघून येतील.”

अलाउद्दीननं टेबलावरचा माइक उचलला, बटण वर सरकवलं आणि बहिरूच्या हातात दिला. बहिरूनं तो निखारा धरावा तसा धरला. पळून जावं वाटलं. दार चार पावलांवर होतं. पण तिकडं मंचावर ती पोर उभी होती, शपथ धरून, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं की दिव्यांचा उजेड, ते एवढ्या लांबनं कळत नव्हतं.

“त्यो... त्यो मी,” बहिरू म्हणाला.

आवाज निघाला तो थेट मंचावरच्या स्पीकरांतनं. फेटे बांधलेल्या तीन आणि उघड्या एकातनं. रिह्याचा जाडाभरडा आवाज, सगळ्या हॉलभर. तीन हजार माना वळल्या.

“आठ वर्सं झाली. मला सांगितलं, स्पीकरास्नी फेटं बांधा. मला काय ठावं, स्पीकर म्हंजे माणूस आसतो! आमच्याकडं स्पीकर म्हंजे ह्योच. मी सकाळच्या पारी येऊन ह्यांस्नीच बांधत बसलो. तीन बांधलं. चौथ्याला ह्यो अलाउद्दीन आडवा आला. कल्पना-बिल्पना काय न्हाई. चुकलो व्हतो मी. लाजंपायी कुणाला बोललो न्हाई, आन पोरीला बी बोलू दिलं न्हाई.”

 मग हॉल हसला. पोट धरून, खुर्च्या हलवत हसला. आठ वर्षं ज्या हसण्याला बहिरू भीत होता ते हेच.  त्यानं डोळे मिटले, म्हणाला येऊ दे काय यायचं ते. आणि हसता हसताच लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले. निरंजन तर कपाळाला हात लावून मंचावरच खाली बसला होता. “माझाच फोन होता तो!” तो माइकवर ओरडत होता. “माझाच!”

“या मामा,” अपेक्षा म्हणाली. “बांधा.”

बहिरू हिरवी पट्टी गळ्यात घेऊन, तीन हजार माणसांच्या मधनं चालत मंचावर गेला. पुढच्या पायऱ्यांनी. पिशवीतनं कोरा केशरी फेटा काढला. अपेक्षानं तो बघितला, ओठ दाबले आणि त्यालाच ऐकू जाईल अशी म्हणाली, “उंदरं चारी खाऊन गेली व्हती न्हवं?”

“गप. काम करू दे.”

त्यानं चौथ्याच्या माथ्यावर हात ठेवला. आठ वर्षं राहिलेला वळ चढवला, कोपऱ्याला जादा पीळ दिला, गाठ मारली, तुरा उभा केला. टाळ्या पडल्या. मग तो दोन पावलं मागं सरकला आणि चारी एकदम बघितले. त्याची नजर तिसऱ्यावर थांबली. तिचा तिसरा. वळ एकसारखे, चुण्या मोजून घ्याव्यात अशा, आणि तुरा त्याच्या चौथ्यापेक्षा चांगला बोटभर ताठ. तीन हजार लोकांना नसेल दिसत, त्याला दिसत होतं. एवढं सगळं होऊनही ते जुनं काहीतरी त्याच्या छातीत पुन्हा वर आलं. आतासुद्धा! मेलं मरत नाही ते.

“तिसरा ढिला हाय,” बहिरू म्हणाला. “खालचा वळ. सुटंल.”

अपेक्षानं तिसऱ्याकडं बघितलं. मग मामाकडं बघितलं.

“व्हय मामा,” ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर वाकून तिनं तो घट्ट बसलेला वळ पुन्हा एकदा आवळला.